विज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा

निसर्गाविषयीचे वैज्ञानिक ज्ञान आणि ख्रिस्ती धर्मश्रद्धा यांचा परस्परसंबंध कसा समजावा, हा पाश्चात्त्य विचारांच्या इतिहासातील दीर्घकाळ चर्चिला गेलेला प्रश्न आहे. सर्वसाधारण समजुतीप्रमाणे हा संबंध केवळ संघर्षाचा होता. विज्ञान पुढे सरकत गेले आणि धर्म मागे हटत गेला. या समजुतीबरोबर श्रद्धावान माणसाची एक साचेबंद प्रतिमाही रूढ झाली. ख्रिस्ती माणूस बायबलमधील प्रत्येक विधान शब्दशः खरे मानतो, पुरावा समोर आला तरी तो नाकारतो आणि त्यामुळे वैज्ञानिक विचाराला तो स्वभावतःच अपात्र असतो, असे या प्रतिमेचे स्वरूप आहे. उलटपक्षी, वैज्ञानिक म्हणजे उद्धट, निरीश्वरवादी व नीतीविषयी बेफिकीर माणूस, अशी प्रतिमा अनेक श्रद्धावंतांनीही जोपासली. या दोन्ही प्रतिमा इतिहासाच्या कसोटीस पुरेशा उतरत नाहीत. तथापि त्या सर्वस्वी निराधार आहेत असेही नाही, आणि त्यांतच या विषयाची खरी अडचण आहे.

साचेबंद प्रतिमेसाठी इंग्रजीत वापरला जाणारा ‘स्टीरिओटाइप’ हा शब्द मुद्रणव्यवसायातून आलेला आहे. जुळवलेल्या खिळ्यांवरून साचा घेऊन ओतलेला धातूचा अखंड पत्रा, हा त्याचा मूळ अर्थ. असा पत्रा एकदा ओतला, की त्यातील एखादे अक्षर उचलून बदलता येत नाही. प्रती मात्र हव्या तितक्या निघतात. वॉल्टर लिपमन (१८८९–१९७४) या अमेरिकन पत्रकारांनी पब्लिक ओपिनियन (१९२२) या ग्रंथात माणसांच्या समूहांविषयीच्या ठराविक कल्पनांना हा शब्द लावला व तेव्हापासून तो सामाजिक शास्त्रांत रूढ झाला.

संघर्षाच्या प्रतिमेचा उगम : ही प्रतिमा वाटते तितकी जुनी नाही. तिचा प्रसार मुख्यतः दोन अमेरिकन ग्रंथांनी केला. पहिला, जॉन विल्यम ड्रेपर (१८११–८२) या रसायनशास्त्रज्ञांचा धर्म व विज्ञान यांच्या संघर्षाचा इतिहास (१८७४) आणि दुसरा, कॉर्नेल विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्रू डिक्सन व्हाइट (१८३२–१९१८) यांचा ख्रिस्ती जगातील विज्ञान व ईश्वरविद्या यांच्या युद्धाचा द्विखंडात्मक इतिहास (१८९६). ड्रेपर यांच्या लेखनामागे तत्कालीन राजकारण होते. १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी आधुनिक मतांचा निषेध करणारी यादी प्रसिद्ध केली होती आणि १८७० मध्ये व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अप्रमादित्वाचा सिद्धांत जाहीर केला होता. ड्रेपर यांचा रोख बव्हंशी रोमन कॅथलिक चर्चवर होता. इस्लामी जगतातील विज्ञानाविषयी त्यांनी गौरवानेच लिहिले आहे. व्हाइट यांचे प्रयोजन वेगळे होते. कोणत्याही पंथाच्या ताब्यात नसलेले विद्यापीठ उभारताना त्यांना पंथाभिमानी मंडळींचा कडवा विरोध सोसावा लागला होता. ते स्वतः ख्रिस्ती होते व आपण धर्मावर नव्हे, तर मतांधळ्या ईश्वरविद्येवर हल्ला करीत आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या वाचकांनी हा भेद फारसा लक्षात ठेवला नाही.

या दोन ग्रंथांतील अनेक कथा पाठ्यपुस्तकांतून व व्याख्यानांतून इतक्या वेळा सांगितल्या गेल्या, की त्या तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली. मध्ययुगीन चर्च पृथ्वी सपाट मानीत असे, ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध कथा. वस्तुतः मध्ययुगातील सुशिक्षितांना पृथ्वी गोल आहे हे ठाऊक होते. बीड या इंग्रज मठवाशाने आठव्या शतकात तसे लिहिले आहे. तेराव्या शतकातील साक्रोबॉस्को याचे गोलासंबंधीचे पुस्तक विद्यापीठांतून शतकानुशतके शिकवले जात होते. कोलंबसला विरोध झाला तो पृथ्वीच्या आकारावरून नव्हे, तर तिच्या परिघावरून, आणि त्यात विरोधकांचे गणित अधिक बरोबर होते. सपाट पृथ्वी मानणाऱ्या विद्वानांशी कोलंबसचा वाद रंगवला तो वॉशिंग्टन अर्व्हिंग या कथालेखकाने, १८२८ च्या आपल्या कोलंबसचरित्रात. पृथ्वी सपाट मानणारे ख्रिस्ती लेखक झालेच नाहीत असे मात्र नाही. चौथ्या शतकाच्या आरंभीचा लॅक्टॅन्शियस व सहाव्या शतकातील कॉस्मास ही त्यांतील ठळक नावे; परंतु त्यांचा प्रभाव अल्प होता. यांपैकी कॉस्मास हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी असून त्याच्या ग्रंथात ‘कल्लिआना’ या भारतीय बंदरात इराणातून नेमलेला बिशप असल्याचा उल्लेख आहे. हे बंदर म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कल्याण होय, असे अनेक अभ्यासक मानतात. विश्व पेटीच्या आकाराचे आहे असे सांगणाऱ्या या लेखकाची व्यापारी माहिती इतिहासकारांना आजही उपयोगी पडते, हे नमूद करण्याजोगे आहे.

व्हाइट यांच्या ग्रंथातील दुसरे उदाहरण अधिक बोधक आहे. पवित्र आत्म्याच्या अधिकारावर कोपर्निकसचा अधिकार कोण चढवील, असा सवाल धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) यांनी केल्याचे त्यांनी लिहिले. पुढील संशोधकांना ते वाक्य कॅल्व्हिन यांच्या उपलब्ध लेखनात कोठेही आढळले नाही. एका प्रवचनात पृथ्वी फिरते असे म्हणणाऱ्यांवर कॅल्व्हिन यांनी टीका केली आहे, हे खरे; पण बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकावरील त्यांच्या भाष्यात नेमकी उलट दिशाही दिसते. चंद्राला ‘मोठी ज्योती’ म्हटले असले, तरी शनी हा ग्रह चंद्राहून मोठा असल्याचे ज्योतिर्विद सिद्ध करतात; मोशेने सामान्य माणसाच्या डोळ्यांना जसे दिसते तसे लिहिले, आणि ज्याला खगोलशास्त्र शिकावयाचे आहे त्याने ते अन्यत्र शिकावे, असा त्यांचा आशय आहे.

हा विचार कॅल्व्हिन यांचा स्वतःचा नव्हता. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी ‘उत्पत्ती’वरील आपल्या भाष्यात असा इशारा दिला होता, की आकाश, तारे, प्राणी यांविषयी ख्रिस्तीतर लोकांना तर्काने व अनुभवाने निश्चित ज्ञान असते, अशा विषयांत ख्रिस्ती माणसाने शास्त्राचा हवाला देऊन अज्ञान पाजळले, तर ऐकणारे हसतील आणि मग पुनरुत्थानासारख्या विषयांत त्यांचा शास्त्रावर विश्वास बसणार नाही. निसर्ग व पवित्र शास्त्र हे एकाच ईश्वराचे दोन ग्रंथ असून त्यांत खरा विरोध असू शकत नाही, हे रूपकही प्राचीन आहे. मात्र दोन ग्रंथांच्या वाचनांत विरोध दिसू लागल्यास कोणते वाचन सुधारावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न या रूपकाने सुटत नाही. पुढील सर्व वाद मुख्यतः या एका प्रश्नाभोवती फिरतात.

गॅलिलीओ प्रकरण : कोपर्निकसचा सूर्यकेंद्री सिद्धांत १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोपर्निकस स्वतः एका कॅथीड्रलमधील धर्माधिकारी होते आणि त्यांचा ग्रंथ पोप तिसरे पॉल यांना अर्पण केलेला होता. सुमारे सत्तर वर्षे चर्चने त्याची विशेष दखल घेतली नाही. गॅलिलीओ (१५६४–१६४२) यांनी दुर्बिणीच्या आधारे या सिद्धांताचा जाहीर पुरस्कार आरंभल्यावर परिस्थिती पालटली. तत्पूर्वी १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने, प्रॉटेस्टंट पंथाला उत्तर म्हणून, चर्चच्या आचार्यांच्या एकमुखी अर्थाविरुद्ध बायबलचा अर्थ कोणी लावू नये असे ठरविले होते. १६१५ मध्ये ग्रँड डचेस क्रिस्तीना यांना लिहिलेल्या पत्रात गॅलिलीओ यांनी ऑगस्टीनचाच आधार घेऊन बायबलचा अर्थ कसा लावावा हे सांगितले. त्यातील ईश्वरविद्या आज बहुतेक ख्रिस्ती विद्वानांना मान्य आहे. परंतु धर्मसुधारणेच्या धामधुमीत एका गणितज्ञाने शास्त्रार्थ सांगावा, हे रोमला मानवणारे नव्हते.

कार्डिनल बेलार्मीन यांची भूमिका लोककथेतील धर्मांधाची नव्हती. पृथ्वी फिरते हे खरोखर सिद्ध झाले, तर बायबलमधील संबंधित वचनांचा अर्थ फार जपून पुन्हा लावावा लागेल. मात्र तसे प्रमाण मला अद्याप कोणी दाखविलेले नाही, असे त्यांनी १६१५ मध्ये लिहिले. तसे प्रमाण त्या वेळी नव्हतेच. शुक्राच्या कला ट्यूको ब्राए यांच्या भूकेंद्री योजनेतही बसत होत्या. गॅलिलीओ ज्यावर विसंबून होते ते भरती-ओहोटीचे अनुमान चुकीचे ठरले. ताऱ्याचा पराशय प्रथम मोजला गेला तो १८३८ मध्ये. १६१६ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्तीपर्यंत स्थगित करण्यात आला. १६३२ मध्ये गॅलिलीओ यांचा संवादग्रंथ निघाला व पोप आठवे अर्बन यांचा आवडता युक्तिवाद त्यात सिंप्लिचिओ या भोळसट पात्राच्या तोंडी आलेला दिसला. एके काळचे स्नेही असलेले पोप दुखावले. २२ जून १६३३ रोजी गॅलिलीओ यांना आपले मत शपथपूर्वक सोडावे लागले आणि मृत्यूपर्यंतची वर्षे त्यांनी नजरकैदेत काढली.

या तपशिलांचा उपयोग अलीकडे काही लेखक चर्चची बाजू सावरण्यासाठी करतात. तो योग्य वाटत नाही. पुरावा अपुरा असल्यास एखादे मत अमान्य करता येते. ते बाळगण्याची बंदी घालता येत नाही. शिवाय गॅलिलीओचा ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून वगळला गेला तो १८३५ मध्ये, म्हणजे सिद्धांत सर्वमान्य होऊन गेल्यावर बऱ्याच काळाने. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये नेमलेल्या अभ्यासमंडळाचे काम १९९२ मध्ये संपले व तत्कालीन ईश्वरविद्यावेत्त्यांची चूक त्यांनी जाहीरपणे मान्य केली. मात्र या प्रकरणावरून ‘श्रद्धा विरुद्ध विज्ञान’ असा निष्कर्ष काढताना एक गोष्ट विसरली जाते : आरोपी हाही श्रद्धावान कॅथलिक होता, त्याचा निष्ठावंत शिष्य कास्तेल्ली हा बेनेडिक्टाइन धर्मगुरू होता आणि त्याच्या विरोधकांत ॲरिस्टॉटलचे अनुयायी असलेले विद्यापीठीय प्राध्यापक होते.

भूविज्ञान व क्रमविकास : आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधील वंशावळींवरून जगाची उत्पत्ती इ. स. पू. ४००४ मध्ये झाल्याचे गणित मांडले. पृथ्वीचे वय याहून कितीतरी अधिक आहे हे दाखविणाऱ्यांत धर्मगुरूंचा भरणा मोठा होता. ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड (१७८४–१८५६) व केंब्रिजचे ॲडम सेज्विक (१७८५–१८७३) हे दोघेही भूवैज्ञानिक आणि दीक्षित धर्मगुरू. दोघांनीही आरंभी नोहाच्या जलप्रलयाच्या खुणा खडकांत शोधल्या व पुरावा विरुद्ध जाताच तो विचार सोडला. सेज्विक यांनी १८३१ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या अध्यक्षपदावरून तसे जाहीर सांगितले. साहजिकच, ओरिजिन ऑफ स्पीसीज हा चार्ल्स डार्विन (१८०९–८२) यांचा ग्रंथ १८५९ मध्ये निघाला, तेव्हा इंग्लंडातील सुशिक्षित धर्मगुरूंच्या दृष्टीने पृथ्वीचे वय हा वादविषय उरलेला नव्हता. वाद होता तो माणसाच्या स्थानाविषयी व निसर्गातील योजनेविषयी. हेच सेज्विक डार्विन यांच्या ग्रंथाचे कडवे टीकाकार झाले.

३० जून १८६० रोजी ऑक्सफर्ड येथे बिशप विल्बरफोर्स व टी. एच. हक्सली यांच्यात झालेली चकमक सर्वश्रुत आहे. माकड आजोबांकडून की आजीकडून, या बिशपांच्या कुचेष्टेला हक्सली यांनी दिलेल्या सडेतोड उत्तराची कथा प्रामुख्याने कित्येक वर्षांनंतरच्या आठवणींतून आलेली असून सभेचा शब्दशः वृत्तांत उपलब्ध नाही. विल्बरफोर्स यांचे परीक्षण डार्विन यांनाही हुशारीचे वाटले होते. आपल्या ग्रंथातील अधिक अनुमानात्मक भाग त्यांनी नेमके टिपले आहेत, असे त्यांनी खाजगीत मान्य केले. त्याच सभेच्या निमित्ताने दुसऱ्या दिवशी फ्रेडरिक टेंपल यांनी नव्या विज्ञानाचे स्वागत करणारे प्रवचन दिले. ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. टेंपल पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले.

श्रद्धा व क्रमविकास यांच्या मेळाचा सर्वांत प्रामाणिक संवाद डार्विन व हार्व्हर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे (१८१०–८८) यांच्या पत्रव्यवहारात आढळतो. ग्रे हे निष्ठावंत प्रॉटेस्टंट होते, आणि अमेरिकेत नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताचा प्रमुख पुरस्कारही त्यांनीच केला. त्यांची पुस्तिका डार्विन यांनी स्वखर्चाने इंग्लंडात वाटली. ग्रे यांचे मत असे, की नैसर्गिक निवड कशी घडते हे विज्ञान सांगते. परंतु निवडीस उपलब्ध होणारे बदल ईश्वराने हितकर दिशेने वळविले असावेत. डार्विन यांनी १८६८ मध्ये याला घरबांधणीच्या दृष्टांताने उत्तर दिले. कड्यावरून कोसळलेल्या ओबडधोबड दगडांतून निवड करून गवंड्याने इमारत रचली, तर प्रत्येक दगडाचा आकार त्या इमारतीसाठीच योजलेला होता असे म्हणता येईल काय, असा त्यांचा प्रश्न होता. मित्राचे मत स्वीकारता येत नाही, हे त्यांनी खेदपूर्वक नमूद केले.

डार्विन यांची खरी अडचण ‘उत्पत्ती’तील सहा दिवसांची नव्हती. जिवंत सुरवंटाच्या शरीरात अंडी घालणाऱ्या व त्याला आतून खाणाऱ्या गांधिलमाशीसारख्या कीटकांचा निर्माता दयाळू ईश्वर कसा, हे त्यांनी १८६० मध्ये ग्रे यांना लिहिले. १८५१ मध्ये त्यांची दहा वर्षांची कन्या ॲनी वारली होती. दुःखाचा हा प्रश्न ‘ईयोब’च्या पुस्तकाइतका जुना आहे व तो विज्ञानाने निर्माण केलेला नाही, मात्र क्रमविकासाने दुःखाला आकस्मिक दोषाऐवजी सृष्टीच्या यंत्रणेचाच भाग केले, आणि या मुद्द्याचे समाधानकारक उत्तर ग्रे यांच्यापाशी नव्हते. स्वतः डार्विन यांनी १८७९ मध्ये असे लिहिले, की एखादा माणूस उत्कट ईश्वरनिष्ठ आणि क्रमविकासवादी असू शकतो, याविषयी शंका घेणे आपणास चमत्कारिक वाटते. उदाहरण म्हणून त्यांनी ग्रे व धर्मगुरू-कादंबरीकार चार्ल्स किंग्झली यांची नावे दिली. प्रिन्स्टनचे चार्ल्स हॉज यांनी मात्र डार्विनवाद म्हणजे निरीश्वरवाद, असा निर्वाळा १८७४ मध्येच दिला होता.

अमेरिकेतील वाद : साचेबंद प्रतिमेला सर्वाधिक बळ दिले ते टेनेसी राज्यातील डेटन येथे जुलै १९२५ मध्ये चाललेल्या स्कोप्स खटल्याने. शाळेत मानवाचा क्रमविकास शिकविल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला. पुढे तांत्रिक कारणावरून तो रद्द झाला. अभियोगपक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचे चित्र नंतरच्या नाटक-चित्रपटांनी अडाणी धर्मवेड्याचे रंगवले. प्रत्यक्षात ब्रायन हे कामकरी व शेतकरी वर्गाचे कैवारी म्हणून तीन वेळा अध्यक्षपदाची निवडणूक लढविलेले नेते होते. सृष्टीचे ‘दिवस’ म्हणजे दीर्घ युगे असू शकतील, हे त्यांनी साक्षीत मान्य केले. दुर्बलांचा नाश हाच प्रगतीचा मार्ग, असे सांगणाऱ्या सामाजिक डार्विनवादाची त्यांना धास्ती होती. आणि डेटनच्या शाळेतील जीवविज्ञानाच्या पुस्तकात ‘हीन’ कुळांची पैदास रोखण्याचा सुप्रजाजननाचा पाठ खरोखरच होता. ब्रायन यांचे जीवविज्ञान चुकीचे होते. त्यांची धास्ती तितकी चुकीची नव्हती.

पृथ्वी काही हजार वर्षांपूर्वीच निर्माण झाली, या मताला व्यापक पाठिंबा मिळाला तो याहून उशिरा. व्हिट्कम व मॉरिस यांच्या जलप्रलयविषयक ग्रंथापासून (१९६१) ही चळवळ वाढली. आज जे ‘पारंपरिक ख्रिस्ती मत’ म्हणून ओळखले जाते, ते या आधुनिक स्वरूपात विसाव्या शतकातील आहे. त्याचा पसारा लहान नाही. गॅलप संस्थेच्या पाहणीत ईश्वराने मानवाला गेल्या सु. दहा हजार वर्षांत आजच्याच रूपात निर्मिले, असे मानणाऱ्या अमेरिकनांचे प्रमाण १९८२ मध्ये ४४% व २०१९ मध्ये ४०% होते. श्रद्धावंतांची साचेबंद प्रतिमा बाळगणारे या आकड्यांकडे बोट दाखवितात, आणि ते अगदीच गैर नाही.

परंतु या चळवळीला न्यायालयात कोणी रोखले हे पाहिल्यास चित्र बदलते. आर्कॅन्सॉ राज्याने १९८१ मध्ये ‘सृष्टिविज्ञाना’ला शाळेत समान स्थान देणारा कायदा केला. त्याविरुद्धच्या दाव्यातील पहिले वादी मॅक्लेन हे मेथडिस्ट धर्मोपदेशक होते. सहवादींत त्या राज्यातील मेथडिस्ट, एपिस्कोपल, रोमन कॅथलिक व आफ्रिकन मेथडिस्ट पंथांचे बिशप होते. ५ जानेवारी १९८२ रोजी कायदा घटनाबाह्य ठरला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथील खटल्यात ‘बुद्धिमान योजने’च्या विरोधात जीवविज्ञानाची प्रमुख साक्ष देणारे केनेथ मिलर हे श्रद्धावान कॅथलिक आहेत.

मेळाच्या दिशा : अमेरिकन भौतिकीविज्ञ व ईश्वरविद्यावेत्ते इअन बार्बर (१९२३–२०१३) यांनी विज्ञान व धर्म यांचे संबंध संघर्ष, स्वातंत्र्य, संवाद व एकात्मता अशा चार प्रकारांत मांडले. हे वर्गीकरण अध्यापनास सोयीचे आहे. पण जिवंत माणसे या खणांत सहसा नीट बसत नाहीत. जीवाश्मवैज्ञानिक स्टीव्हन जे गूल्ड यांनी १९९७ मध्ये सुचविलेली वाटणी—वस्तुस्थिती विज्ञानाकडे, मूल्ये धर्माकडे—ही स्वातंत्र्याच्या प्रकारात मोडते. भांडण मिटविण्यास ती उपयुक्त खरी, परंतु ख्रिस्ती धर्म येशूच्या पुनरुत्थानाला घडलेली घटना मानतो. त्यामुळे केवळ मूल्यांचे क्षेत्र स्वीकारणे त्याला कठीण जाते. इतिहासकार जॉन हेडली ब्रुक यांनी १९९१ मध्ये दाखविल्याप्रमाणे या संबंधांचे कोणतेही एकच सूत्र काळाच्या सर्व टप्प्यांना लागू पडत नाही.

या संदर्भात बेल्जियन धर्मगुरू व खगोलभौतिकीविज्ञ झॉर्झ लमेत्र (१८९४–१९६६) यांचे वर्तन लक्षणीय आहे. प्रसरणशील विश्वाची कल्पना त्यांनी १९२७ मध्ये व आद्य अणूची १९३१ मध्ये मांडली. तीवर संशय घेणाऱ्यांत, एका पाद्र्याने ‘उत्पत्ती’चे पुस्तक विज्ञानात चोरून आणले असे म्हणणारेही होते. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाविषयीच्या नव्या संशोधनात सृष्टिकर्त्याची जणू साक्षच मिळते, असे भाषण केले. लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत ईश्वराच्या अस्तित्वाविषयी काहीच सांगत नाही व उद्या तो बदलला तर श्रद्धेचा आधार जाऊ नये, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी व व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकांनी ती पोपपर्यंत पोहोचविली आणि पुढील वर्षाच्या भाषणात पोपनी असे विधान टाळले. श्रद्धा वाचविण्यासाठी विज्ञान नाकारणे जितके धोक्याचे, तितकेच विज्ञानाला घाईने श्रद्धेच्या साक्षीस बोलावणे धोक्याचे, हे ज्यांनी ओळखले त्यांत लमेत्र अग्रगण्य होत.

प्रतिमेचे परिणाम : वैज्ञानिकांच्या श्रद्धेविषयीचे आकडेही सरळ उत्तर देत नाहीत. जेम्स लूबा यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सु. ४०% अमेरिकन वैज्ञानिक प्रार्थना ऐकणारा ईश्वर मानीत होते. लार्सन व विदम यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा १९९७ मध्ये हे प्रमाण जवळजवळ तितकेच निघाले. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यांत मात्र ते केवळ ७% आढळले (१९९८). शिखरावरील वैज्ञानिक श्रद्धा सोडतात, की श्रद्धावान तेथवर पोहोचत नाहीत, हे या आकड्यांवरून ठरत नाही. किंबर्ली रीऑस व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले अमेरिकेतील प्रयोग या संदर्भात महत्त्वाचे आहेत. ख्रिस्ती लोक विज्ञानात कमी पडतात हा समज सहभागींच्या मनात जागा केला असता वैज्ञानिक तर्काच्या कसोटीत ख्रिस्ती सहभागी मागे पडले. तो समज दूर सारल्यावर फरक उरला नाही. स्टील व ॲरन्सन यांनी १९९५ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबाबत दाखविलेल्या परिणामाचाच हा प्रकार होय. या एकूण संशोधनाची पुनर्तपासणी काही ठिकाणी प्रतिकूल गेल्याने निष्कर्ष जपून घ्यावयास हवेत. तरीही प्रतिमा ही केवळ वर्णन करीत नाही, ती माणूस घडवते किंवा परतवून लावते, ही शक्यता त्यांनी पुढे आणली.

महाराष्ट्रातील संदर्भ : एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात चित्र उलटे होते. येथे आधुनिक विज्ञान मिशनऱ्यांच्या हातात वादाचे शस्त्र होते. अहमदनगर येथे १८४२ मध्ये निघालेल्या ज्ञानोदयाने नव्या भूगोल-खगोलाच्या आधारे पौराणिक विश्वरचनेवर टीका केली. यूरोपात जे शस्त्र पुढे ख्रिस्ती श्रद्धेवर उगारले गेले, तेच येथे हिंदू श्रद्धावंतांची साचेबंद प्रतिमा उभी करण्यासाठी वापरले गेले. या प्रतिमेत सिद्धांतज्योतिषाच्या परंपरेला, म्हणजे पृथ्वी गोल मानणाऱ्या आर्यभट व भास्कराचार्यांना, पुरेसे स्थान नव्हते.

मिशनऱ्यांतही सर्वांचे काम वादविवादाचे नव्हते. १८४५ मध्ये नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्या परिसरातील खडक व जीवाश्म यांचा अभ्यास करून लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात १८५५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेल्या प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओएन यांनी त्याच वर्षी केले. खडकांतून दिसणारा अतिदीर्घ काळ हिस्लॉप यांना धर्मोपदेशाच्या आड आला नाही. पुढे मुंबईच्या सेंट झेव्हिअर महाविद्यालयात एथेलबर्ट ब्लाटर (१८७७–१९३४) व हेन्री सांतापाव (१९०३–७०) या जेझुइट धर्मगुरूंनी पश्चिम भारतातील वनस्पतींचे संशोधन केले. सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनश्रीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला (१९५३), ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक होते व १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ब्लाटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह त्याच महाविद्यालयात असून सह्याद्रीतील वनस्पतींची ओळख पटविण्यासाठी अभ्यासक त्याचा उपयोग करतात.